'शाळा' कुठल्या कपाटात ठेवायची?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या मागच्या दोन बैठका एका पुस्तकापायी लांबल्या. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ची जुनी प्रत हाताळून हाताळून खिळखिळी झाली होती, नवी घ्यायची ठरली, आणि ग्रंथपालबाईंनी साधा प्रश्न विचारला : ही कादंबरीच्या कपाटात लावू की कुमार विभागात? एक जण म्हणाले, नववीतल्या मुलाची गोष्ट आहे, कुमार विभागातच हवी. एक बाई म्हणाल्या, त्यातली पोरं मुलींबद्दल ज्या भाषेत बोलतात, ते शाळेच्या वयात हातात पडायला नको. मग एका ज्येष्ठ सभासदांनी मूळ प्रश्नच बाजूला सारला. "मुलांचं राहू द्या. पन्नाशीच्या माणसांनी नववीतल्या पोराच्या प्रेमात काय रमायचं? वय वाढलं तसं वाचन वाढायला नको?" उत्तर तयारच होतं. "वाचून आनंद मिळतो ना, मग वय कशाला विचारता?" पुढे तासभर याच दोन वाक्यांची देवघेव चालली. चहा दोनदा आला, निर्णय एकदाही झाला नाही.

हा वाद आमच्याच गावचा आहे असं नाही. २०१४ साली अमेरिकेत एका लेखिकेनं लिहिलं की किशोरांसाठीच्या कादंबऱ्या वाचताना मोठ्यांना संकोच वाटायला हवा. तिलाही मिळालेलं उत्तर बहुतेक हेच होतं : ज्याला जे आवडतं ते त्यानं वाचावं. एवढ्या मोठ्या प्रश्नाची इतक्या थोडक्यात बोळवण होते, याचं मला वाईट वाटतं. कारण दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासताच धरून चालल्या आहेत. वाढत्या वयाची कादंबरी मोठा माणूस उघडतो तो स्वतःच्या लहानपणाला भेटायला, असं दोघांनाही वाटतं. एकाला ती कमजोरी वाटते, दुसऱ्याला हौस. माझं म्हणणं वेगळं आहे. मोठ्यांनी ही पुस्तकं जरूर वाचावीत, पण त्यात आपण बसतो ती जागा चुकीची आहे. आपण थेट बाकावर जाऊन बसतो. त्या गोष्टीत आता आपली जागा फळ्यापाशी आहे, घरातल्या खुर्चीत आहे, रस्त्याच्या कडेला उभं राहून पोरांकडे बघणाऱ्या माणसांत आहे. त्या जागेवरून वाचलं तर हे पुस्तक आपल्याशी काही वेगळंच बोलतं.

हे मला माझ्याच प्रतीनं शिकवलं. 'शाळा' २००४ साली आली. मी ती दोनेक वर्षांनी विकत घेतली, तिशी ओलांडल्यावर. निळं बॉलपेन हातात घेऊन वाचली. गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती, तिची नववी नुकतीच संपलेली. तिनं कपाटातून ती प्रत काढली, चार दिवसांत संपवली आणि जाताना होती तिथे ठेवून गेली. नंतर चाळताना मला समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. माझ्या निळ्या रेघा सगळ्या गोष्ट सांगणारा मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर यांच्या पानांवर : ती दिसली, ती दिसली नाही, तिनं बघितलं की नाही. एका समासात तर मी 'अगदी!' असं लिहून ठेवलेलं. भाचीची एकही खूण या पानांवर नव्हती. तिनं खुणा केल्या होत्या त्या जिथे मोठी माणसं बोलतात तिथे. वर्गात सर काही विचारतात तिथे. घरात मोठ्यांचं चाललेलं असतं आणि मुलगा ऐकत असतो तिथे. मुकुंदाच्या नरूमामाच्या नावापुढे एकाला लागून एक अशा दोन. मी तिशीत प्रेमकथा वाचली होती. पंधरा वर्षांच्या मुलीनं त्याच पानांत मोठ्यांची हजेरी घेतली होती.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. स्मरणरंजनात लबाडी असते. मला माझी नववी आठवते म्हणजे काय आठवतं? गॅदरिंगची तालीम, पावसात भिजलेलं दप्तर, मधल्या सुट्टीतल्या चिंचा. जे आठवायला जोर लावावा लागतो ते वेगळंच आहे. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही घ्यायची संध्याकाळ. ते जेवून हात धुऊन येईपर्यंत थांबायचं, मग आधी पेन पुढे करायचं आणि नंतर प्रगतिपुस्तक, गणिताच्या आकड्यावर अंगठा येईल अशा बेतानं धरून. बाबा वाईट नव्हते. एकदाही हात उगारला नाही. तरी तो अंगठा मला आज इतका स्पष्ट दिसतो की त्या वेळची भीती किती खरी होती ते कळतं. स्मरणरंजन नेमकी हीच संध्याकाळ गाळतं आणि चिंचा ठेवतं. मग चाळिशी-पन्नाशीचा वाचक 'आमच्या वेळी किती साधं होतं' असं म्हणत पुस्तक मिटतो, आणि शेजारच्या खोलीत खरोखरच्या नववीत असलेल्या पोराला म्हणतो, तुला कसलं टेन्शन आहे रे? हे वाचन निरुपयोगी आहे असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उलट त्यात थोडा अन्यायही आहे असं म्हणेन. पण हा दोष वाचण्याच्या रीतीचा आहे, त्यासाठी पुस्तकाला का बाद करायचं?

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगितलेली गोष्ट त्याच्या समजेएवढीच असणार, मग पक्व वाचकानं त्यात शोधायचं काय? मला वाटतं इथे घोटाळा सांगणारा आणि लिहिणारा यांना एकच धरण्यात होतो. 'शाळा'तलं वर्ष आणीबाणीचं आहे. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. मुकुंदाच्या कानावर ते सगळं पडत असतं, पण त्याचा जीव दुसऱ्याच कशात गुंतलेला. शिस्तीच्या नावाखाली देशात काय चाललं होतं आणि शिस्तीच्या नावाखाली वर्गात काय चालतं, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवण्याचं काम कादंबरीनं मुलाकडे दिलेलंच नाही. ते वाचणाऱ्याकडे सोपवलं आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. 'वनवास' हा संग्रह १९९४ चा. हा मुलगा आईवडलांपासून लांब, आजीआजोबांकडे वाढतोय. तो सांगतो ते झाडांबद्दल, खेळांबद्दल, मैत्रीण सुमीबद्दल. सगळं त्याला 'मॅडसारखं' वाटत असतं. आई आठवते हे तो क्वचितच सरळ सांगतो. आपल्या पोटात नक्की काय होतंय हे त्याला ठाऊक नाही. ज्यानं कधी एखादं मूल दुसऱ्या घरी ठेवून एसटीत पाय ठेवला आहे, त्या वाचकाला मात्र ठाऊक आहे. संग्रहाच्या नावातला वनवास कोणाचा आहे हे कळायला तोच वाचक लागतो. म्हणजे या पुस्तकांत मोठ्यांसाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा आहे. मुलाला दिसतं पण कळत नाही, आणि मोठ्याला कळतं पण प्रत्यक्ष जगताना दिसत नाही. याला उथळ लेखन कसं म्हणायचं?

मोठ्यांनी अशी पुस्तकं कुठल्या जागी बसून वाचली, याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला 'श्यामची आई' हा आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आज आपण ती मुलांच्या वाढदिवसाला देतो, पण तिची रचना पाहा. एक मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. बोलणारा मोठा आणि ऐकणारेही त्याचे सोबतीच. ती मुलांच्या कपाटात गेली ती नंतर, आपल्या हातांनी. त्यातला पोहण्याचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. पोहायला जायला घाबरलेला श्याम लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते, विहिरीवर पाठवते. मी लहानपणापासून मोठ्यांच्या तोंडून या प्रसंगाचा एकच अर्थ ऐकत आले : मार खाल्ला म्हणून घडलो. हा अर्थ श्यामच्या जागी बसलेल्या वाचकाचा आहे. आता आईच्या जागी बसून वाचा. पोहून आलेल्या मुलाच्या पाठीवरचे वळ बघून तिचे डोळे भरतात. आपण मारलं हे ती विसरलेली नाही, त्याचं समर्थनही मनात जपलेलं नाही. ते वळ तिला सोसत नाहीत. मारणं सोपं आहे, मारल्यावर पाठ बघायला जाणं अवघड आहे. आपण सत्तर-ऐंशी वर्षं या पुस्तकातून मारण्याची परवानगी तेवढी उचलली आणि वळ बघणारे डोळे मागे ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई केली. त्याहीनंतर स्टाफरूममध्ये 'श्यामच्या आईनं मारलंच होतं की' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. ते बोलणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, आणि मनानं अजून श्यामच होत्या. आईच्या वयाला येऊनही आईच्या जागी बसायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्याहून मागे जाऊ. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली. यमू ही मुलगी आपली गोष्ट स्वतः सांगते : दादाबरोबरचं लहानपण, घरातला धाक, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. मराठीतली ही वाढत्या वयाची पहिली थोर कादंबरी आहे, आणि ती कोणासाठी लिहिलेली होती? यमूच्या वयाच्या मुलींतल्या फारच थोड्यांना अक्षरओळख होती. 'करमणूक' वाचणार ते यमूचे वडील, यमूचे सासरे, यमूचे दीर. नेमक्या त्याच दिवसांत संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र पेटला होता. विवाहितेचंही शरीरसंबंधासाठीचं संमतिवय दहावरून बारावर न्यावं की नाही, यावर शास्त्राधार काढले जात होते, सभा उधळल्या जात होत्या; टिळकांनी परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा झाला. त्या सगळ्या वादात एक मुलगी कुठे बोलत होती? बोलत होती ती कादंबरीत. समजा, त्या काळच्या एखाद्या वकिलानं ती सुरुवातीची प्रकरणं वाचून म्हटलं असतं, वा, आमचं लहानपण अगदी असंच गेलं हो. आणि तेवढ्यावर समाधान मानलं असतं. आज आपण त्या वाचकाला काय म्हणू? कादंबरीचं नावच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न यमूच्या वयाच्या कोणाला विचारलेला नाही. ज्याच्या घरात यमू आहे त्याला विचारलेला आहे. दर पिढीत अशी कादंबरी येते तेव्हा तोच प्रश्न नव्यानं विचारला जातो, असं मी मानते. मुकुंदाच्या वाट्याचं दुःख यमूच्या दुःखाच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळतं. तरी 'लक्षात कोण घेतो' हे दोन्हीकडे लागू आहे.

आता ज्या आक्षेपानं मला सगळ्यात जास्त अडवलं त्याकडे येते. कुमार विभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाईंनी तो मांडला, बैठक संपल्यावर, कपाटं बंद करताना. मोठ्यांना ही पुस्तकं आवडायला लागली की ती हळूहळू मोठ्यांचीच होतात. मराठीत मुलांचं पुस्तक विकत घेतं कोण? आईवडील. बक्षीस ठरवतं कोण? मोठी माणसं. मग लिहिणाराही कळत नकळत मुलाच्या डोक्यावरून त्याच्या आईकडे बघत लिहितो. पुस्तकात चाळी येतात, लगोरी येते, पोस्टकार्डं येतात, आणि आज नववीत असलेल्या मुलीच्या शिकवणीच्या बॅचा, फोनवरचे वर्गाचे ग्रुप, रात्री अकराला आलेला आणि लगेच पुसलेला मेसेज यातलं काहीच येत नाही. हे खरं आहे. २०१२ साली सुजय डहाके यांचा 'शाळा' हा चित्रपट आला तेव्हा चित्रपटगृहात माझ्या मागेपुढे बहुतेक सगळी चाळिशीची माणसं होती, आणि बाहेर पडताना प्रत्येक जण आपल्या वर्गातल्या कोणाचं तरी नाव घेत होता. मीही घेतलं. आपल्या आठवणींची गर्दी मुलांच्या जागेत होते, हा आरोप मी पूर्ण मान्य करते.

पण यावर मोठ्यांनी ही पुस्तकं वाचूच नयेत हा उपाय कसा होईल? न वाचणारे मोठेही पुस्तक विकत घेणारच आहेत, फक्त मुखपृष्ठ आणि 'संस्कार' हा शब्द बघून. न वाचणारे मोठेच 'यातली भाषा वाईट आहे' म्हणून ते कपाटाबाहेर ठेवणार आहेत. आमच्या बैठकीत ज्या बाईंनी हरकत घेतली त्यांनी 'शाळा' वाचलेली नव्हती, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. मी त्यांना ती वाचायला दिली आहे. आठवणी उगाळायला वाचणारा मोठा माणूस नवं पुस्तक मागत नाही, त्याला चाळ आणि लगोरीच हवी असते. मोठ्यांच्या जागी बसून वाचणारा मात्र लगेच अडतो : हे माझ्या वेळचं झालं, आज या घरातल्या मुलीचं काय चाललंय ते कुठे आहे? आजच्या शाळेवरची आजची कादंबरी हवी असेल तर ती मागणारे वाचक हेच असणार.

माझ्या म्हणण्यात एक धोका आहे, तोही लपवत नाही. मोठ्यांच्या जागी बसून वाचा म्हटलं की काही जण लगेच तपासनीस होतात. पुस्तकाचं पालकांसाठीचं मार्गदर्शक करून टाकतात, प्रत्येक प्रकरणातून बोध काढतात, मुलगा कुठे 'वाहवत' गेला ते शोधतात. यासारखं रूक्ष वाचन दुसरं नाही. मला ते अभिप्रेत नाही. तपासनीस मुलाकडे बघतो. मी म्हणते ते मुलाच्या नजरेनं आपल्याकडे बघण्याबद्दल आहे, आणि त्यात बोध वगैरे सुचायच्या आधी लाज वाटते. वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघणारे सर वाचताना मला मी आठवते. मी सव्वीस वर्षं शिकवलं. नववीच्या वर्गात पाठीमागच्या बाकावरचा एखादा मुलगा उभा राहायचा, मी तीन मोजेपर्यंत थांबायचे आणि 'बस' म्हणून पुढच्याकडे वळायचे. तास पस्तीस मिनिटांचा, पोर्शन संपवायचा, मुलं सत्तर. कारणं सगळी खरी होती. पण बसताना त्या मुलाला काय वाटत असेल याचा विचार मी नोकरीत असताना केला नाही. कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना केला. घरात मूल नसलेल्या वाचकालाही हे चुकत नाही, कारण या पुस्तकांत आईवडील सोडून कितीतरी मोठी माणसं असतात. दुकानदार, शेजारी, कोणाचा तरी भाऊ, क्लासचे सर. चौदाव्या वर्षी माणसाच्या आयुष्यात घरच्यांइतकेच हेही लोक न्यायाधीश असतात, आणि आपल्याला कोणी न्यायाधीश केलं आहे याची त्यांना कल्पनाही नसते.

म्हणून पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे. दोन प्रती घ्या. एक कुमार विभागात, एक कादंबरीच्या कपाटात. आणि कुमार विभागाचं पुस्तक मोठ्यांच्या कार्डावर देत नाहीत हा नियम काढून टाका; तिथे लंपन आहे, आणखीही पुष्कळ आहे, आणि तो नियम कोणी व का केला हे आज कोणालाच सांगता येत नाही. पैशांची अडचण असेल तर दुसरी प्रत मी देईन. माझी जुनी मात्र देणार नाही.

त्या प्रतीत एक खूण मला अजून उलगडलेली नाही. शेवटाकडे, शिरोडकर गावातून निघून गेल्यानंतरच्या पानांत, भाचीनं एका अगदी साध्या ओळीसमोर पेन्सिल इतकी दाबली आहे की मागच्या पानावर उमटली आहे. मी फोन करून विचारलं, तिथे काय वाटलं गं तुला? ती थोडा वेळ गप्प राहिली. या वेळी मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाली, "मावशी, तू परत वाच ना ते. नंतर सांगते." कालपासून पुन्हा पहिल्या पानापासून घेतलं आहे. बॉलपेन आत ठेवून दिलं.